आमचा तो डाव, तुमची ती लबाडी!

लेगस्लिप

यूट्यूबने आज पुन्हा ती क्लिप समोर आणून टाकली आणि डोकं फिरलं. लॉर्ड्स, २ जुलै २०२३, ॲशेसच्या, म्हणजे इंग्लंड-ऑस्ट्रेलिया मालिकेच्या, दुसऱ्या कसोटीचा शेवटचा दिवस. इंग्लंडला जिंकायला ३७१ हव्यात. ऑस्ट्रेलियाच्या ग्रीनचा बाउन्सर येतो, इंग्लंडचा बेअरस्टो खाली वाकतो, चेंडू मागे यष्टिरक्षक कॅरीच्या ग्लोव्हजमध्ये. बेअरस्टो बुटाने क्रीजवर घासल्यासारखं करतो आणि पंचाकडे न बघताच स्टोक्सच्या दिशेने फिरायला निघतो. तोवर कॅरीने चेंडू हातात आल्या आल्या खालून स्टंपांवर फेकलेला असतो. तिसऱ्या पंचाने आउट दिलं. चेंडू जिवंत होता, फलंदाज बाहेर होता. विषय इथेच संपायला हवा होता.

संपला कसला! लंचला ऑस्ट्रेलियाचे खेळाडू लाँग रूममधून जात होते तेव्हा टाय-ब्लेझरवाले एमसीसीचे (क्रिकेटचे नियम करणाऱ्या क्लबचे) सभासद ख्वाजा आणि वॉर्नरवर खेकसले. शेवटी क्लबलाच तीन सभासदांना निलंबित करावं लागलं. इंग्लंडचा ब्रॉड बॅटिंगला आला आणि त्याने कॅरीला ऐकवलं की तुला लोक फक्त याच एका गोष्टीसाठी लक्षात ठेवतील. हा कोण ब्रॉड? तोच, २०१३च्या ट्रेंट ब्रिजचा. ढळढळीत कट लागून चेंडू स्लिपमध्ये क्लार्कच्या हातात गेला, पंचांना दिसलं नाही, ऑस्ट्रेलियाचे रिव्ह्यू संपलेले, आणि हे महाशय खांबासारखे उभे. तेव्हा ३७ वर होता, ६५ केल्या. इंग्लंड जिंकलं किती धावांनी? १४.

आणि त्यांचा कोच मॅकलम म्हणे, इतक्यात काही यांच्याबरोबर बिअर प्यायला बसू असं वाटत नाही. मॅकलम! डिसेंबर २००६, क्राइस्टचर्च आठवतंय का? श्रीलंकेच्या संगकाराचं शतक पूर्ण झालं, मुरली क्रीजमध्ये पोचला आणि त्याचं अभिनंदन करायला माघारी वळला. मागून थ्रो आला आणि बेल्स उडवल्या त्या यानेच. पुढे दहा वर्षांनी लॉर्ड्सवरच्या भाषणात त्याने माफी मागितली हे मान्य. पण माफी मागून झाली की दुसऱ्याला शिकवायचा परवाना मिळतो का?

बरं, खुद्द बेअरस्टोने याच सामन्यात लाबुशेन क्रीजबाहेर दिसल्यावर चेंडू स्टंपांवर फेकला होता. लागला नाही, एवढाच फरक.

माझं म्हणणं असं, की नियमाच्या पुस्तकात भेदभाव फारसा सापडत नाही. तो राहतो पुस्तकाबाहेर. स्पिरिट, रीत, तारतम्य, ‘एवढं तरी समजून घ्यायला हवं होतं’ या सगळ्यात. आणि समजून घ्यायचं असतं ते दर वेळी समोरच्याने. उदाहरणं येऊ द्यात. क्रिकेटचीच हवीत असं नाही, घर, ऑफिस, सोसायटी, देऊळ, काहीही चालेल.

झणझणीत_तर्री

+१. पॉपकॉर्न घेऊन बसलोय. धागा दोनशेच्या वर जाणार.

मैदानी_म्हातारा

लेगस्लिप, तुम्ही २०२३ पासून सुरू केलंत, गोष्ट १९४७ ची आहे. विनू मांकड यांनी सिडनीच्या कसोटीत ऑस्ट्रेलियाच्या बिल ब्राउनला, चेंडू टाकण्याआधीच क्रीज सोडून पुढे गेला म्हणून, नॉन-स्ट्रायकर टोकाला धावबाद केलं. त्याआधी त्याच दौऱ्यातल्या एका सामन्यात याच ब्राउनला ताकीद दिली होती, तरी तो ऐकेना म्हणून तिथेही बाद केला होता. म्हणजे गडी सवयीचा. खुद्द ब्रॅडमनने, जो समोरच्या संघाचा कप्तान होता, मांकडांची बाजू घेतली. तरी पुढची सत्तर वर्षं बदनामीला नाव चिकटलं ते मांकडांचं. धाव चोरणारा सज्जन, चोराला पकडणारा बिलंदर. गावसकर यावर गेली कित्येक वर्षं कंठशोष करतायत.

आता लॉर्ड्सचंच दुसरं उदाहरण देतो. २४ सप्टेंबर २०२२, झूलन गोस्वामीचा शेवटचा सामना. शेवटची जोडी, इंग्लंडला आणखी १७ हव्यात, चार्ली डीन ४७ वर. डीन क्रीज सोडून पुढे गेलेली, आपल्या दीप्ती शर्माने चेंडू टाकता टाकता थांबून बेल्स उडवल्या. तीन-शून्य. मग काय गहजब! अशा रीतीने सामना संपवणं म्हणजे किती वाईट, असं म्हणणाऱ्यांत पुन्हा आपले ब्रॉडसाहेब होतेच. गंमत म्हणजे याच एमसीसीने त्याच वर्षी मार्चमध्ये जाहीर केलं होतं की या प्रकारचं बाद करणं ‘अनफेअर प्ले’च्या ४१व्या नियमातून काढून ३८व्या, म्हणजे साध्या रनआउटच्या नियमात घालतोय. अंमल १ ऑक्टोबरपासून. आठवडाभर आधी झालं म्हणून पाप, आठवडाभराने झालं असतं तर पुण्य? छे, तेव्हाही हेच रडगाणं असतं. नियमाने बाद तर ते आधीही होतंच.

नियमावर_बोट

म्हातारेबुवा, सगळं बरोबर, पण आपण काय धुतल्या तांदळाचे का? जरा घरची उणीदुणी काढतो, राग नसावा.

फेब्रुवारी २०१२, ब्रिस्बेन. अश्विनने थिरिमन्नेला असंच धावबाद केलं. सेहवाग कप्तान होता. सचिनशी बोलला आणि अपील मागे घेतलं. आपण सगळे गहिवरलो, काय ती खिलाडूवृत्ती! २०१९ ला जयपूरला त्याच अश्विनने बटलरला बाद केलं, तेव्हा आपणच छाती पुढे काढून ‘नियम म्हणजे नियम’. मग २०१२ ला काय झोपलो होतो? बटलरला तर २०१४ मध्ये सेनानायकेनेही असंच बाद केलेलं होतं, तो सुधारला नाही हा भाग वेगळा.

त्याहून भारी नमुना डीआरएसचा, म्हणजे पंचाचा निर्णय यंत्राने तपासून घेण्याचा. जानेवारी २००८, सिडनी. पंचांच्या चुकांनी आपण पेटलो होतो, दौरा सोडून परत या म्हणेपर्यंत मजल गेली होती. त्याच वर्षी श्रीलंकेत रिव्ह्यूचा पहिला प्रयोग झाला. आपले जवळजवळ सगळे रिव्ह्यू फुकट गेले, त्यांचे धडाधड लागले. आणि मग बोर्डाने काय केलं? तंत्रज्ञान भरवशाचं नाही म्हणत पुढची आठ वर्षं नकारघंटा. द्विपक्षीय मालिकेत पूर्ण डीआरएस घेतलं ते नोव्हेंबर २०१६ मध्ये राजकोटला. म्हणजे चूक पंचाची असेल तर अन्याय, आणि चूक दाखवणारं यंत्र आपल्या विरोधात गेलं की यंत्रच खोटं.

तिसरं. ऑगस्ट २०२४, पॅरिस. कुस्तीच्या अंतिम लढतीआधी विनेश फोगाटचं वजन ५० किलोच्या गटात १०० ग्रॅम जास्त भरलं आणि ती अपात्र ठरली. मलाही वाईट वाटलं, झोप लागली नाही त्या रात्री. पण आपली मागणी काय होती? ‘शंभर ग्रॅमने काय होतं, भावना बघा.’ म्हणजे लॉर्ड्सला आपण नियमाचं पुस्तक उघडून बसलो होतो आणि पॅरिसला तेच पुस्तक बंद करून स्पिरिट मागत होतो. त्याच वेळी अमन सेहरावतने रात्रभरात साडेचार किलो उतरवून ५७ किलोत ब्राँझ आणलं.

गहुंजेचा_प्रेक्षक

नियमावर_बोट, तुमचा आयडी सार्थ आहे. पण खेळपट्टीच्या बाबतीत तुम्हालाही माझ्याच बाजूने यावं लागेल.

फेब्रुवारी २०१७. मी हौसेने चौथ्या दिवसाचंही तिकीट काढून ठेवलं होतं. पुणे–मुंबई रस्त्यावरून आत वळल्यावर जो काही ट्रॅफिक आणि उन्हाचा तडाखा असतो तो भोगून पहिल्या दिवशी जागेवर बसतोय तोवर अश्विनच्या हातात नवा चेंडू. आपण १०५ आणि १०७. ओकीफ नावाचा माणूस, ज्याला त्याच्या गल्लीतही कोणी ओळखत नसेल, दोन्ही डावांत ३५ धावांत सहा बळी घेऊन गेला. आपण ३३३ धावांनी हरलो, तिसऱ्याच दिवशी. माझं तिकीट अजून पुस्तकात खूण म्हणून आहे.

मॅच रेफरी ख्रिस ब्रॉड. (हो, त्याचेच वडील.) शेरा: ‘पुअर’. खेळपट्टी वाईटच होती, माझी तक्रार नाही. हरलो आपणच. तक्रार पुढची आहे. ३ आणि ४ जानेवारी २०२४ ला केप टाउनला काय झालं? पहिल्या दिवशी २३ बळी. आपले शेवटचे सहा गडी १५३ वर एकही धाव न होता गेले. सामना ६४२ चेंडूंत निकाली, कसोटीच्या इतिहासात याहून कमी चेंडूंत निकाल लागलेला नाही. तिथे चेंडू उसळला की त्याला ‘तंत्राची परीक्षा’ म्हणायचं. आपल्याकडे पहिल्या दिवशी वळला की ‘आखाडा’. रोहित तेव्हा बोललाच, असल्या खेळपट्टीवर खेळायला माझी हरकत नाही, फक्त भारतात आलात की तोंड बंद ठेवा. आणि अलीकडचं बघा, नोव्हेंबर २०२५, पर्थ. ॲशेसची पहिली कसोटी दोन दिवसांत आटोपली, पहिल्याच दिवशी १९ बळी. आयसीसीचा शेरा ‘व्हेरी गुड’! माझ्या मुलाला शाळेत व्हेरी गुड मिळायला यापेक्षा जास्त मेहनत लागते.

नियमावर_बोट

केप टाउनच्या खेळपट्टीलाही ‘असमाधानकारक’ शेरा मिळाला होता, तेवढं सोयीने गाळलंत. आणि २०२३ ला इंदूरला ब्रॉडनेच ‘पुअर’ दिलं तेव्हा आपल्या बोर्डाने अपील केलं आणि शेरा एक पायरी वर गेला. बाकीच्या किती बोर्डांचं कोण ऐकतं ते तुम्हीच सांगा. पर्थबद्दल मात्र माझ्याकडे उत्तर नाही.

खोखो_ताई

मला वाटलंच होतं, वीस प्रतिसाद पुरुषांच्या क्रिकेटवर जाणार आणि मग कुणीतरी ‘महिलांबद्दलही बोलू या’ म्हणणार. तर मीच म्हणते. (वीस झाले नाहीत अजून, पण झाले असते.)

मी तालुक्याच्या गावी मुलींना खो-खो शिकवते. मैदान एकच. संध्याकाळी पाचनंतर मुलांचं, कारण ‘त्यांच्या स्पर्धा जवळ आल्यात’. त्यांच्या स्पर्धा वर्षभर जवळच असतात. मुलींना वेळ दुपारी तीनची. खांबाला धरून वळावं लागतं आणि तो खांब इतका तापलेला असतो की पोरी ओढणी ओली करून आधी खांबाला गुंडाळतात आणि मग सराव सुरू होतो. वेळ बदलून मागितली तर उत्तर काय? ‘अंधार पडल्यावर मुलींना घरी कोण सोडणार?’ काळजीच्या नावाखाली ऊन आमच्या वाट्याला. कुणी वाईट माणूस नाही हो यात. सगळे ‘मुलींच्या भल्याचं’च बोलतात.

मूळ धाग्यात लिहिलंय की लेखी नियम सगळ्यांना सारखे असतात. बायकांच्या बाबतीत तेही नेहमी खरं नाही. २०२१ मध्ये बल्गेरियात युरोपियन बीच हँडबॉल स्पर्धेत नॉर्वेच्या मुलींना १५०० युरो दंड झाला. गुन्हा? बिकिनीऐवजी शॉर्ट्स घातल्या. नियमात चक्क लिहिलेलं होतं की बाजूची पट्टी दहा सेंटिमीटरपेक्षा रुंद नको. पुरुषांची शॉर्ट मात्र गुडघ्याच्या दहा सेंटिमीटर वरपर्यंत. दोघांनाही दहा सेंटिमीटरच, पण कुठून मोजले बघा! जगभर बोंब झाल्यावर त्याच वर्षी नियम बदलला.

आता आपल्याकडचं. ऑक्टोबर २०२२ मध्ये बीसीसीआयने पुरुष आणि महिलांची मॅच फी सारखी केली. कसोटीला १५ लाख, वनडेला ६, टी-ट्वेंटीला ३. मनापासून टाळ्या. पण महिलांना कसोटी मिळतात किती? वर्षाला एखादी, नाही तर तीही नाही. आणि वार्षिक करार? २०२४-२५ मध्ये पुरुषांची वरची श्रेणी ७ कोटी, महिलांची ५० लाख. २०२४ चा टी-ट्वेंटी विश्वचषक पुरुषांनी जिंकला तेव्हा बोर्डाचं बक्षीस १२५ कोटी, नोव्हेंबर २०२५ मध्ये नवी मुंबईत मुलींनी विश्वचषक आणला तेव्हा ५१ कोटी. लगेच कुणीतरी म्हणेल, ‘उत्पन्न बघा ना ताई.’ बघितलं. पण पुरुषांच्या रणजीला गॅलरीत शंभर टाळकी असतात, तेव्हा उत्पन्नाचा हिशोब कुणी काढत नाही.

आणि २०१७ मध्ये मिताली राजला एका पत्रकाराने विचारलं होतं, तुझा आवडता पुरुष क्रिकेटपटू कोण? तिने उलट विचारलं, पुरुषांना हा प्रश्न विचारता का? बस. याच्यावर मी काय लिहिणार.

गहुंजेचा_प्रेक्षक

ताई, दंडवत. ती ओल्या ओढणीची गोष्ट वाचून बाकी सगळे मुद्दे हलके वाटायला लागले. वेळेचं काही झालं का पुढे?

खोखो_ताई

झालं. पालकांनाच मैदानावर बोलावलं दुपारी तीनला, चपला काढून पाटीवर, म्हणजे मैदानातल्या बसायच्या चौकोनात, उभं राहा म्हटलं. आता आठवड्यातून तीन दिवस पाचची वेळ मिळते. मुलं कुरकुरतात, ‘आमच्यावर अन्याय’ म्हणून.

शिरोळचा_पाहुणा

रामराम मंडळी. मी क्रिकेटमधलं लई बोलणार नाही, आमच्याकडचं सांगतो. हेरवाड म्हणून गाव आहे, शिरोळ तालुका, जिल्हा कोल्हापूर. मे २०२२ मध्ये तिथल्या ग्रामसभेनं ठराव केला की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र आणि जोडवी काढायची नाहीत. कोरोनात कमी वयाच्या किती पोरी उघड्या पडल्या हे गावानं डोळ्यांनी बघितलेलं. त्याच महिन्यात सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींना सांगितलं, हेरवाडचा कित्ता गिरवा.

आता मला सांगा, बायको गेल्यावर पुरुषाचं काय काढून घेतात? टोपी? घड्याळ? काहीच नाही. तेराव्याला भावकी बसते तेव्हा ‘पोरांकडं बघणारं कोण पाहिजे’ म्हणून स्थळाचा विषय निघालेला मी कानानं ऐकलाय, उत्तरकार्याची भांडी अजून घासायची होती.

एक डोळ्यासमोरचं सांगतो. आमच्या नात्यातल्या लग्नात मुलीचे वडील विधुर. कन्यादानाला जोडी लागते. भटजींनी काकांच्या कमरेला एक सुपारी खोचायला लावली, ही समजा पत्नी. झालं काम, कुणी भुवई उचलली नाही. दोन वर्षांनी दुसऱ्या घरी मुलीची आई विधवा. ती एकटीनं मुलगी वाढवलेली, लग्नाचा खर्चही तिचाच. तिला मागं खुर्चीवर बसवलं आणि कन्यादान केलं चुलत्या-चुलतीनं, जे त्या पोरीशी वर्षात चार वाक्यं बोलत नव्हते. मी भटजींना विचारलं, सुपारी हिच्या कमरेला चालत नाही का? ते म्हणाले, तसं शास्त्रात नाही. मी म्हटलं, शास्त्रात बंदी आहे का? तर म्हणाले, मुहूर्त टळतोय.

झणझणीत_तर्री

‘मुहूर्त टळतोय’ _/\_ हे वाक्य फ्रेम करून लावायला पाहिजे.

चौथा_मजला_भाडेकरू

वा पाहुणे. तुमच्यानंतर माझं रडगाणं किरकोळ आहे, तरी सोसायटीचं विचारलंय म्हणून.

नोटीस बोर्डावर दोन कागद शेजारी शेजारी. एक: ‘भाडेकरूंकडे रात्री दहानंतर पाहुणे नकोत.’ दोन: ‘घरकाम करणाऱ्या महिला व डिलिव्हरीवाल्यांनी मागील लिफ्ट वापरावी.’ मागची लिफ्ट महिन्यातले निम्मे दिवस बंद. आमच्या मावशी गुडघ्याचा पट्टा बांधून सहा मजले चढतात. पुढच्या लिफ्टमधून कमिटीतल्या एकांचा लॅब्राडोर ऐटीत जातो, त्याची लाळ मीच दोनदा पुसलीय. त्याच गृहस्थांच्या मुलाचा तिसावा वाढदिवस गच्चीवर रात्री एकपर्यंत. तक्रार केली तर, ‘अहो, एकच दिवस असतो पोरांचा.’

खरी चीड मात्र पैशांची. माझे घरमालक परदेशात. त्यांना बिनवहिवाट शुल्क (मालक स्वतः न राहता घर भाड्याने देतो म्हणून लावतात ते) लावलं ते जवळजवळ मेंटेनन्सइतकं. कारण, ‘भाडेकरूंमुळे लिफ्ट जास्त वापरली जाते.’ आता हे योग्य आहे का, जाणकारांनी सांगावं.

नियमावर_बोट

इथे मी लेगस्लिप यांच्या बाजूने. लेखी नियम तुमच्याच बाजूचा आहे, फक्त तो कुणी वाचत नाही. १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशाप्रमाणे महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांना बिनवहिवाट शुल्क सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. हे १० टक्के सेवा शुल्कावर, पूर्ण बिलावर नव्हे. मालकांना आधी सोसायटीला लेखी पत्र द्यायला सांगा, नाही ऐकलं तर उपनिबंधक सहकारी संस्था. पत्राची पोच घ्यायला विसरू नका.

लिफ्टचं दुखणं वेगळं. तिथे पाटीवर लिहिलेलंच लाजिरवाणं आहे. सभेत मालकांकडून विषय मांडून घ्या, कारण भाडेकरूला सभेत मत नाही.

वजनकाटा

सगळा धागा वाचला. बरेचसे प्रतिसाद पटले, पण एक गल्लत होतेय. फूटपट्टी वेगळी म्हणजे दर वेळी अन्याय असं नाही. मी कुस्तीतला माणूस. ५७ किलोच्या पोराला ९७ च्या समोर उभं केलं तर ती समानता नाही, खून आहे. पॅरालिंपिकमध्ये एफ-४६ हा हाताचं अपंगत्व असलेल्यांचा गट वेगळा आहे म्हणून आपल्या आटपाडीच्या सचिन खिलारीला २०२४ मध्ये गोळाफेकीत १६.३२ मीटरवर रौप्य मिळालं. गट नसते तर तो दिसलाच नसता. बसमधली राखीव सीट, परीक्षेत लेखनिक घेणाऱ्याला तासामागे जास्तीची वीस मिनिटं, हे दुटप्पी नाही.

मग दुटप्पी कधी? माझी कसोटी अशी: गट आधी जाहीर केले होते का, आणि स्वतःवरही तोच काटा लागला तर चालेल का. विनेशच्या बाबतीत पहिलं ‘हो’ होतं. म्हणून वाईट वाटलं तरी मी अन्याय म्हणणार नाही. नियम अमानुष आहे, एका दिवसाच्या वजनासाठी आदल्या दिवशी जिंकलेलं रौप्यही जावं हे बदलायला हवं, पण तो सगळ्यांना सारखाच अमानुष आहे.

आपल्या मातीतलं खरं दुटप्पीपण हवं असेल तर खाशाबा जाधव घ्या. गोळेश्वर, कराडजवळ. १९५२, हेलसिंकी, ब्राँझ. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. जायला पैसे नव्हते, राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार उभे केले. १९८४ मध्ये अपघातात गेले, अर्जुन पुरस्कार मिळाला तो त्यानंतर दीड दशकाहून जास्त काळ उलटल्यावर. पद्म नाहीच. पुढे ज्यांना ज्यांना वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळालं त्यांना काय काय मिळालं ते तुम्हाला ठाऊक आहे. आनंदच आहे त्याचा. पण आधीच्याचं काय?

मैदानी_म्हातारा

वजनकाटा, खाशाबांबद्दल लिहिलंत, बरं वाटलं.

मघापासून मनात एक गोष्ट घोळतेय. स्पिरिटला सगळेच इथे शिव्या देतायत. मला वाटतं स्पिरिट ही चीज खरी आहे, पण ती स्वतःच्या खिशातून द्यायची असते. दुसऱ्याच्या नावावर पावती फाडली की ती लबाडी.

फेब्रुवारी १९८०, वानखेडे, सुवर्णमहोत्सवी कसोटी. इंग्लंड ५ बाद ५८. बॉथमच्या जोडीला बॉब टेलर. टेलरला झेलबाद दिलं, आणि कप्तान विश्वनाथने त्याला परत बोलावलं, कारण विशीला वाटलं चेंडू बॅटला लागलेला नाही. त्या दोघांनी १७१ ची भागी केली. बॉथमचं शतक आणि सामन्यात तेरा बळी. आपण दहा गड्यांनी हरलो. विशीला त्याची किंमत मोजावी लागली, पण ती त्याने आणि त्याच्या संघाने मोजली. १९८७ च्या विश्वचषकात लाहोरला वेस्ट इंडिजच्या वॉल्शचंही तसंच. शेवटची जोडी, सलीम जाफर क्रीज सोडून पुढे, वॉल्शने ताकीद देऊन सोडून दिला. पाकिस्तान एका गड्याने जिंकलं आणि वेस्ट इंडिज सेमीफायनलला पोचलं नाही. अशा माणसाने दीप्तीला चार शब्द सुनावले असते तर मी निमूट ऐकून घेतले असते.

लेगस्लिप

म्हातारेबुवा, पटलं. खो-खो ताई आणि पाहुण्यांनी तर धाग्याचा स्तरच बदलला. ‘लेखी नियम सगळ्यांना सारखे’ हे माझं वाक्य नॉर्वेच्या उदाहरणाने आणि त्या लिफ्टच्या पाटीने पार झोपवलंय, आता त्याच्या बाजूने लढत नाही.

उपाय काय, असं दोघांनी व्यनितून (व्यक्तिगत निरोपातून) विचारलंय. मला एकच आठवतो, तोही क्रिकेटमधला. पूर्वी पंच यजमानांचे असायचे. पाहुणा संघ हरला की पंचांना शिव्या, आणि तोच संघ मायदेशी खेळला की आपले पंच देवमाणसं. पाकिस्तानच्या पंचांबद्दल जगभर बोललं जायचं. १९८६ मध्ये इम्रान खानने हट्ट धरला की वेस्ट इंडिजविरुद्ध बाहेरचे पंच आणा. आणि आणले कुठले? भारतातले! व्ही. के. रामस्वामी आणि आपले मुंबईचे पिलू रिपोर्टर, लाहोरला. भारत-पाकिस्तानचं तेव्हाचं वातावरण आठवा आणि मग विचार करा. पाकिस्तान ती कसोटी एक डाव आणि दहा धावांनी हरलं, दुसऱ्या डावात ७७ ला गारद. पंचांबद्दल चकार शब्द नाही. पुढे १९९४ पासून आयसीसीने एक पंच बाहेरचा केला आणि २००२ पासून दोन्ही.

घरात, सोसायटीत, लग्नाच्या मांडवात असा रिपोर्टर कुठून आणायचा ते मात्र मला सुचत नाही.

नियमावर_बोट

इम्रानचं कौतुक जरा जपून. त्यानेच १९९४ मध्ये कबूल केलं होतं की कौंटी क्रिकेटमध्ये एकदा बाराव्या खेळाडूकडून बाटलीचं झाकण मागवून त्याने चेंडू खरवडला होता.

मैदानी_म्हातारा

हो, आणि त्या सामन्याला पंच कुठले होते? इंग्लंडचेच ना? त्यांना दिसलं नाही.

झणझणीत_तर्री

आता ब्रॉडसाहेबांना विचारा, झाकणाबद्दल त्यांचं काय मत आहे.